लोकसेवक सुकुमार सेन

इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा साहेब म्हणजे प्रजेचा धनीच असे. तो हुकूम सोडी आणि प्रजा तो मुकाट्याने पाळी. सुकुमार सेन हे याच सरकारी नोकरीत वाढलेले. परंतु स्वराज्य आल्यावर अधिकाऱ्याने लोकांचा सेवक कसे व्हावे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

सेन बंगालचे. कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि लंडन विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे ते आय. सी. एस. झाले आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९४७ साली ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले.

मार्च १९५० मध्ये ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. काम मोठे बिकट होते. मतदार सुमारे १७ कोटी आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर! ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याने मत द्यावे कसे? म्हणून बैलजोडी, झोपडी, दिवा अशी ओळखीची चिन्हे घेण्यात आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. कोणी दोनदा मत देऊ नये, म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावीत.

याद्या करताना एक निराळीच अडचण उभी राहिली. अनेक स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची पत्नी, एवढेच त्या सांगत. अशा नोंदी चालू देणे सोपे होते. परंतु सेन यांनी ते मानले नाही. मतदार म्हणजे स्वतःचे नाव असलेला नागरिक, असा त्यांचा आग्रह होता. अखेर सुमारे २८ लक्ष स्त्रियांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. त्या स्त्रियांचे मत त्या वेळी हुकले, ही हानी लहान नव्हती. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत मात्र पुष्कळ स्त्रियांनी आपली नावे यादीत नोंदविली.

ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत मतदान चालले. हिमाचलातील चिनी येथे बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वीच ते उरकण्यात आले. निवडणूक संपल्यावर सेन यांनी लोखंडी पेट्या जपून ठेवविल्या. त्या पुढील निवडणुकीत उपयोगी पडल्या. जनतेचा पैसा जपणे हेही सेवकाचे कामच होय.

१९५३ साली सुदान देशातील निवडणुकीची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. १९६० मध्ये ते बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी स्वतः कधी मते मागितली नाहीत. पण कोट्यवधी सामान्य माणसांच्या हाती मताचा अधिकार सुखरूप पोहोचविला.