हँडल गेलं, सेल्फ आला

सकाळची घाई. डबे भरून झालेत, मुलं दप्तरं घेऊन गाडीत बसलीत. आपण किल्ली फिरवतो आणि आतून नुसतं 'टक्' ऐकू येतं. पुन्हा फिरवतो, पुन्हा 'टक्'. मग शेजारचे भाऊजी डोकावतात, सेल्फ गेला असेल म्हणतात, आणि आपण रिक्षा शोधायला धावतो. एरवी रोज बिनबोभाट चालणाऱ्या या सेल्फची आठवण आपल्याला अशी बिघडल्यावरच येते. मैत्रिणींनो, आजची गोष्ट हा सेल्फ गाडीत आणणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळच्या एका शेतकरी घरात २९ ऑगस्ट १८७६ रोजी चार्ल्सचा जन्म झाला. पोरगा हुशार, पण डोळे अधू. वाचायला बसलं की डोकं ठणकायचं. तरी शिकायची हौस भारी. आधी शाळेत मास्तरकी केली, मग विद्यापीठात नाव घातलं. डोळ्यांनी इतका त्रास दिला की शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. घरी बसून न राहता हा पठ्ठ्या टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागला. खांब रोवायचे, तारा जोडायच्या. या उघड्यावरच्या कामाने डोळ्यांना विसावा मिळाला आणि विजेचं ज्ञानही हाताला लागलं. याच कामाच्या निमित्ताने ॲशलंड गावात ऑलिव्ह विल्यम्स भेटली. पुढे १९०५ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, केटरिंग इंजिनिअर झाले होते. बरोबरीची मुलं केव्हाच पुढे गेली होती, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

पहिली मोठी नोकरी मिळाली डेटन शहरात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. त्या काळी या यंत्रालाही हँडल असायचं. दर गिऱ्हाइकाला ते ओढायचं, तेव्हा गल्ला उघडायचा. केटरिंग यांनी त्याला छोटी विजेची मोटार बसवली. इथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिनेच पुढे मोटारगाड्यांचं जग बदललं. दिवसभर चालणारी मोटार मोठी आणि दणकट लागते. पण गल्ल्याच्या मोटारीला एक झटका द्यायचा आणि थांबायचं, एवढंच काम. क्षणभरच चालायचं असेल, तर छोटीशी मोटारही आपल्या कुवतीपेक्षा जास्त जोर लावू शकते. तापण्याआधीच तिची सुट्टी होते!

आता गाडीकडे वळू. जुन्या जीपला किंवा ट्रकला पुढून हँडल मारताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. शंभरेक वर्षांपूर्वी पेट्रोलची प्रत्येक गाडी तशीच सुरू करावी लागे. गाडीपुढे उभं राहायचं, लोखंडी दांडा आत घालायचा आणि ताकदीने फिरवायचा. थंडीत तर घाम फुटायचा. त्यातून इंजिनाने उलटा झटका दिला, की दांडा गर्रकन मागे फिरे आणि मनगट मोडे. ही दुखापत इतकी होई, की मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. शोफर म्हणजे गाडीचा ड्रायव्हर.

बायकांना हे जमत नव्हतं असं मात्र समजू नका. ॲलिस रॅमसे नावाची बावीस वर्षांची विवाहित तरुणी १९०९ मध्ये न्यूयॉर्कहून निघाली आणि ५९ दिवस गाडी हाकत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. पण रोज बाजारात जायला एवढा धोका कोण पत्करणार? साडीसारखेच पायघोळ झगे सांभाळत, चिखलात उभं राहून दांडा फिरवायचा! म्हणून सधन घरांतल्या बायका बॅटरीवरच्या गाड्या वापरत. खुद्द हेन्री फोर्ड यांची पत्नी क्लारा हिच्याकडेही विजेवर चालणारी गाडी होती. नवरा पेट्रोलच्या गाड्या हजारोंनी विकत होता, आणि बायको दुसऱ्याच कंपनीची गाडी चालवत होती. अर्थात, विजेच्या गाडीला लांबचा पल्ला जमत नसे. त्यामुळे गावाबाहेर जायचं तर पेट्रोलची गाडी, आणि ती सुरू करून द्यायला कुणीतरी पुरुष, हे ठरलेलंच.

केटरिंग यांचे सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक मोठं कोठार होतं. कंपनीतलं काम संपलं की केटरिंग आणि काही दोस्त तिथे जमत. रात्री आणि सुटीच्या दिवशी गाडीच्या विजेच्या भागांवर त्यांची खटपट चाले. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली. केटरिंग यांनी पक्की नोकरी सोडली. तेव्हा त्यांचा मुलगा यूजीन जेमतेम वर्षाचा होता. घरात तान्हं मूल असताना नवऱ्याने असा निर्णय घेतला, की काळजाचा ठोका कसा चुकतो हे आपल्याला सांगायला नको.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना हँडलची कटकट कायमची मिटवायची होती. त्यांचे परिचित बायरन कार्टर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. बंद पडलेल्या गाडीतल्या एका बाईला मदत करताना हँडलचा फटका त्यांच्या जबड्यावर बसला आणि त्यातून ते दगावले, असं म्हणतात. कार्टर १९०८ मध्ये वारले हे खरं. बाकी तपशिलांवर जाणकारांत वाद आहे. काही असो, लेलँड यांनी हे काम केटरिंग यांच्यावर सोपवलं.

तेव्हाच्या बहुतेक इंजिनिअरांचं मत होतं, की इंजिन फिरवायचं तर मोटार इंजिनाएवढीच मोठी हवी. केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिन जागं होईपर्यंत काही सेकंद जोर लावला की झालं! फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांचा सेल्फ कॅडिलॅकवर चालला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तो सगळ्या गाड्यांना बसला. आणखी एक गंमत म्हणजे इंजिन सुरू झालं, की हीच मोटार उलट वीज तयार करून बॅटरी भरायची. त्याच विजेवर दिवेही लागायचे. पाहता पाहता इतर कंपन्याही सेल्फ बसवू लागल्या. गाडीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज संपली. गाडी सुरू करणं हे चालवणाऱ्याच्या, आणि चालवणारीच्याही, हाती आलं. मागोमाग विजेच्या गाड्या मात्र बाजारातून मागे पडल्या. त्यांना परत यायला जवळपास शंभर वर्षं लागली.

तेव्हापासून सेल्फची रचना बरीच सुधारली, पण केटरिंग यांची मूळ युक्ती तीच आहे. सेल्फ काही सेकंदांसाठीच बनलाय. म्हणून गाडी सुरू होत नसली तरी किल्ली दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा बघा. नुसता टक् आवाज आला आणि दिवे मंदावले, तर आधी बॅटरीकडे बघा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल किंवा जोड सैल झाला असेल. ते साफ करतानाही सेल्फ खोलतानाही आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. दिवे लख्ख आहेत आणि तरी टक् होऊन थांबतंय, तर दोष बहुधा सेल्फमध्ये. मोटार घुंईऽऽ फिरते पण इंजिन हलत नाही, तर तिचं दातेरी चाक अडकत नसणार. आतले कार्बन झिजले असतील तर तेवढेच बदलून काम भागतं. आर्मेचर जळलं असेल तर नवा सेल्फ टाकण्याचा विचार करायचा. मेकॅनिकने बदला म्हटलं, तर आधी बॅटरी तपासून घ्या आणि काढलेला जुना सेल्फ दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या नावावर १८० हून जास्त पेटंट आहेत. वीज न पोहोचलेल्या शेतवाड्यांवर दिवे लावणारा डेल्कोचा छोटा संच त्यांनी बाजारात आणला. त्याने कितीतरी घरांतल्या बायकांचे कंदील पुसायचे कष्ट वाचले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. इंजिन ठोके मारू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा शोध १९२१ मध्ये त्यांच्याच हाताखाली लागला. ते बनवणाऱ्या कारखान्यांत १९२४ मध्ये कामगार मेले, तरीही केटरिंग त्याची बाजू मांडत राहिले. जगभरातल्या लेकरांनी ते शिसं श्वासातून घेतलं. भारतातून असं पेट्रोल २००० मध्ये हद्दपार झालं आणि जगातून २०२१ मध्ये. एका हाताने सोय देणारा माणूस दुसऱ्या हाताने केवढं नुकसान करून गेला!

न्यूयॉर्कमधल्या कर्करोग संशोधन संस्थेला १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांचं नाव मिळालं. लगेच पुढच्याच वर्षी ऑलिव्ह गेली. अख्ख्या जगाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरातलं दुखणं काही दुरुस्त करता आलं नाही. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, केटरिंग यांनी डेटनजवळच्या आपल्या घरी डोळे मिटले. त्या भागातल्या शहराला त्यांच्या हयातीतच केटरिंग हे नाव दिलं गेलं होतं.

उद्या सकाळी किल्ली फिरवाल किंवा स्कूटरचं बटण दाबाल, तेव्हा क्षणभर कान देऊन तो आवाज ऐका. सेल्फचा नेहमीचा आवाज ओळखीचा असला, की तो बदलल्याचं आपल्याला वेळेवर कळतं. मग रिक्षामागे धावायची वेळ सहसा येत नाही.