मातांचा त्राता

युरोप खंडातील हंगेरी देशात डॅन्यूब नदीच्या दोन काठांवर बूडा आणि पेश्त अशी दोन शहरे समोरासमोर वसलेली होती. पुढे १८७३ साली ती एक करण्यात आली आणि त्यांचे बुडापेस्ट झाले. यांपैकी बूडा शहरात एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी १ जुलै १८१८ रोजी इग्नाझ सेमेलवाइस याचा जन्म झाला. दहा भावंडांत तो पाचवा होता. शालेय शिक्षण आटोपल्यावर कायद्याचा अभ्यास करण्याकरिता तो ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे गेला. पण कायद्याच्या पुस्तकांत त्याचे मन रमले नाही. वर्षभरातच ती बाजूस सारून त्याने वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, आणि १८४४ साली तो डॉक्टर झाला. दोन वर्षांनी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात त्याची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

हे रुग्णालय त्या काळी फार नावाजलेले होते. दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी तेथे शिकावयास येत. गोरगरीब स्त्रियांची बाळंतपणे तेथे विनामूल्य होत असत. त्यासाठी दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणींना शिक्षण दिले जाई. एके दिवशी येणाऱ्या स्त्रियांना पहिल्या विभागात घ्यावयाचे, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना दुसऱ्या विभागात, असा परिपाठ होता. आपण कोणत्या विभागात जाणार हे स्त्रियांच्या हाती नसे.

आणि तेच त्यांच्या जिवावर बेतत असे. बाळंतपणानंतर दोनतीन दिवसांत कित्येक स्त्रियांना हुडहुडी भरून तीव्र ताप येई, पोट दुखू लागे, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा अंत होई. या रोगाला सूतिकाज्वर म्हणतात. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली व ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्या विभागात त्याच वर्षी ३,७५४ बाळंतपणे झाली, पण मृत्यू १०५ झाले. विभाग एकाच रुग्णालयातले आणि स्त्रियाही त्याच शहरातल्या. मग एवढा फरक का पडावा? ही गोष्ट शहरातील स्त्रियांनाही ठाऊक झाली होती. पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवण्या करीत. काही तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत. आणि नवलाची गोष्ट अशी की, या रस्त्यावर बाळंत झालेल्या स्त्रियांना तो ज्वर क्वचितच येई.

सेमेलवाइसला या मृत्यूंनी अस्वस्थ केले. वरिष्ठांना ही गोष्ट नित्याची झाली होती. दूषित हवा वाहते, त्यामुळे ज्वर येतो, असे सर्वसाधारण मत होते. तो म्हणे, हवा तर दोन्ही विभागांत एकच आहे! कोणी गर्दीचे कारण सांगे, पण सुइणींच्या विभागात तर अधिक गर्दी होती. मरणोन्मुख स्त्रीस अखेरचा धर्मविधी देण्यासाठी धर्मोपदेशक पहिल्या विभागातील खोल्यांमधून जात असे, आणि त्याच्यापुढे घंटा वाजवीत एक सेवक चाले. ती घंटा ऐकून इतर बाळंतिणी भयभीत होतात व आजारी पडतात, असेही कोणी सुचविले. सेमेलवाइसने घंटा बंद करविली आणि धर्मोपदेशकास दुसऱ्या वाटेने यावयास सांगितले. मृत्यू थांबले नाहीत. सुइणींच्या विभागात स्त्रियांना बाळंतपणाच्या वेळी कुशीवर निजवीत, म्हणून त्याने आपल्या विभागातही तसेच करून पाहिले. तरीही काही फरक पडला नाही. ही कारणे आज आपल्याला पोरकट वाटतात; परंतु त्याने प्रत्येक कारण हसण्यावारी न नेता पारखून पाहिले व मगच सोडून दिले.

१८४७ च्या मार्च महिन्यात थोडे दिवस व्हेनिस शहरी जाऊन तो परत आला, तो त्याच्या कानी एक दुःखद वार्ता आली. त्याचा मित्र प्राध्यापक कोलेत्श्का मृत्यू पावला होता. एका प्रेताची चिरफाड करून विद्यार्थ्यांना शिकवीत असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी चुकून त्याच्या बोटास लागली होती. जखम लहानच होती, पण तिचे विष अंगभर पसरले. सेमेलवाइसने त्याच्या शवचिकित्सेचा अहवाल वाचला आणि तो चकित झाला. सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरात जे बिघाड तो नित्य पाहत होता, तेच येथे होते. कोलेत्श्का हा पुरुष. त्याला सूतिकाज्वर होणार कसा? तेव्हा दोहोंचे कारण एकच असले पाहिजे. सुरीवर प्रेताचे कण होते आणि ते त्याच्या रक्तात गेले. मग बाळंतिणींच्या शरीरात ते कण कोण नेतो?

उत्तर त्याच्या डोळ्यांपुढेच होते. वैद्यकाचे विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात प्रेतांची चिरफाड करीत आणि तेथून थेट बाळंतिणींना तपासावयास येत. साबणाने हात धुतले तरी हातांचा वास जात नसे. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत; रस्त्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांना तर कोणी तपासीतच नसे. रोग बाहेरून येत नव्हता, तर रोग बरा करणारे हातच तो आणीत होते. आणि त्या हातांत सेमेलवाइसचे स्वतःचेही हात होते, कारण शवचिकित्सेचा त्याचा नेम सर्वांत कडक होता. हे सत्य पचविणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करावी.

मे महिन्याच्या मध्यापासून त्याने नियम केला. विभागात येणाऱ्या प्रत्येकाने दाराशी ठेवलेल्या क्लोरीनच्या पाण्यात, हातांचा वास पुरता जाईपर्यंत, हात धुतले पाहिजेत. पुढे तो या पाण्याकरिता स्वस्त असे विरंजक चूर्ण वापरू लागला. गावच्या विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी जी पांढरी, उग्र वासाची ब्लीचिंग पावडर टाकतात, तीच ही होय. रोगजंतूंची माहिती तेव्हा कोणाला नव्हती. वास जातो, म्हणजे ते कणही जात असावेत, एवढाच त्याचा तर्क होता. तो तर्क अपुरा होता, पण उपाय खरा ठरला. एप्रिल महिन्यात शंभरांपैकी अठरा स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास उतरले आणि जुलैत एकाच्या आसपास आले. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागात एकही मृत्यू झाला नाही.

मध्यंतरी, १८४७ च्या ऑक्टोबर महिन्यात, एक दुर्घटना घडली. एका खोलीत पहिल्या खाटेवर एक रुग्ण स्त्री होती. तिच्या व्रणातून स्राव वाहत होता. डॉक्टर प्रथम तिला तपासीत, आणि मग केवळ साबणाने हात धुऊन इतरांकडे वळत. त्या वेळी बाळंत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. यावरून सेमेलवाइस समजला की, विष केवळ प्रेतातूनच येते असे नाही. जिवंत माणसाच्या जखमेतूनही ते येऊ शकते. म्हणून एका रुग्णास तपासून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याचा नवा नियम त्याने घातला. पुढे खाटेवरील मळक्या चादरींनीही ज्वर पसरतो, असे त्याला आढळले, आणि तो अस्वच्छ कापडांविरुद्धही झगडू लागला.

आपल्या देशातील खेड्यापाड्यांतील सुइणींना पुढे जे शिक्षण देण्यात आले, त्यात पाच स्वच्छता सांगत: हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, नाळ कापण्याचे पाते स्वच्छ, नाळ बांधण्याचा दोरा स्वच्छ, आणि नाळेचे टोक स्वच्छ, म्हणजे त्यावर राख, शेण वा तेल काहीही लावावयाचे नाही. घरात बाळंतीण असता तान्ह्या बाळास घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावयाचे, नखे कापावयाची, बोटांच्या बेचक्यांत साबण फिरवावयाचा, हे ज्या आज्या आग्रहाने सांगतात, त्यांनी सेमेलवाइसचे नाव कदाचित ऐकलेही नसेल.

एवढा पुरावा समोर असता त्याचे म्हणणे सर्वांनी मान्य केले असेल, असे आपणास वाटेल. परंतु तसे घडले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण दगावतात, असे ऐकणे थोरथोर डॉक्टरांना अपमानास्पद वाटले. त्याचा वरिष्ठ प्राध्यापक क्लाइन हाही त्यास अनुकूल नव्हता. काही चूक सेमेलवाइसचीही होती. कित्येक वर्षे त्याने आपला शोध लिहून प्रसिद्ध केला नाही. प्रथम त्याच्या मित्रांनीच त्याविषयी लिहिले. त्याच्यापूर्वी स्कॉटलंडातील गॉर्डन याने १७९५ साली व अमेरिकेतील होम्स याने १८४३ साली, डॉक्टर व सुइणी हा रोग एकीकडून दुसरीकडे नेतात, असे लिहिले होते. त्यांनाही विरोधच सहन करावा लागला. इतके असूनही हात धुण्याला जो विरोध झाला, तो मला तरी आजही अनाकलनीय वाटतो.

१८४९ साली व्हिएन्नातील त्याची नेमणूक पुढे वाढविण्यात आली नाही. दुसऱ्या वर्षी मित्रांचा निरोपही न घेता तो हंगेरीत परतला. पेश्तच्या सेंट रोखुस रुग्णालयात त्याने विनावेतन काम पत्करले. १८५१ ते १८५७ या काळात तेथे ९३३ बाळंतपणे झाली, त्यांत सूतिकाज्वराने केवळ आठ मृत्यू झाले. १८५५ मध्ये पेश्त विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. दोन वर्षांनी त्याने विवाह केला. त्याला पाच अपत्ये झाली, परंतु पहिली दोन लहानपणीच वारली. १८६१ साल घातलेला त्याचा ग्रंथ अखेर प्रसिद्ध झाला. तो वाचावयास सोपा नव्हता, आणि विरोधकांवर त्यात कठोर टीका होती. ग्रंथाची उपेक्षा होताच त्याने नामवंत प्राध्यापकांना जाहीर पत्रे लिहून त्यांच्यावर स्त्रियांच्या हत्येचे आरोप केले. त्यामुळे जे मित्र होते, तेही दुरावले.

पुढे त्याच्या मनाचा तोल ढळू लागला. १८६५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, रुग्णालय दाखविण्याच्या निमित्ताने, त्याला व्हिएन्नातील एका वेड्यांच्या रुग्णालयात नेण्यात आले. तेथून निसटू पाहताच पहारेकऱ्यांनी त्याला बेदम मारले असावे, असे त्याच्या अंगावरील जखमांवरून दिसते. जखम चिघळली, विष रक्तात भिनले, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. ज्या प्रकारच्या विकाराशी तो आयुष्यभर झगडला, त्यानेच त्याचा बळी घेतला. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, स्कॉटलंडातील ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर या शल्यतज्ज्ञाने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या जखमेस कार्बोलिक आम्ल लावून ती चिघळू न देण्याचा प्रयोग आरंभिला होता. पुढे तो मुलगा बरा झाला.

रोगजंतू शोधण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत एक सदस्य सूतिकाज्वराच्या कारणांविषयी भाषण करीत असता लुई पाश्चर याने त्याला मध्येच थांबविले व फळ्यावर खडूने मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखविले. तेच रोगाचे कारण होय, असे त्याने सांगितले. सेमेलवाइसने ज्यांना कण म्हटले होते, ते हे.

१८९१ साली त्याच्या अस्थी व्हिएन्नाहून बुडापेस्टला आणण्यात आल्या. तो ज्या घरी जन्मला, त्या घरात आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय असून त्याच्या अस्थी त्याच घराच्या आवारात आहेत. १९६९ पासून तेथील वैद्यकीय विद्यापीठास सेमेलवाइस याचे नाव देण्यात आले आहे.