दुसऱ्याचे पाप दाखवावे काय? संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनातून



आपल्या कन्हेरीसारख्या गावात कोणाच्या घरी काय चालले आहे, हे फार दिवस झाकून राहत नाही. कोण रात्री पिऊन येतो, कोणी भावाचा बांध कोरला, कोणाची सून माहेरी जाऊन का बसली, हे सर्वांना ठाऊक असते. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात ते हळू आवाजात बोललेही जाते. फक्त ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्यासमोर कोणी बोलत नाही. मग एक जण म्हणतो की फादरांनी प्रवचनात नाव घेऊन सांगायला हवे. दुसरा म्हणतो की प्रभूने न्याय करू नका असे शिकवले आहे, आपण कशाला मध्ये पडा? दोघांनाही पवित्र शास्त्राचा आधार आहे. कुसळ आणि मुसळ यांची शिकवण मत्तयच्या सातव्या अध्यायात आहे आणि अपराधी भावाकडे एकट्याने जाऊन त्याची चूक दाखवावी, ही आज्ञा त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे.

संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आपण दरवर्षी ३ डिसेंबरला साजरा करतो. त्यांचे प्रवास आणि चमत्कार आपण लहानपणापासून ऐकले आहेत. परंतु त्यांनी मागे ठेवलेली पत्रे वाचली, तर हाच प्रश्न त्यांना दहा वर्षे कसा छळत होता हे दिसते. त्याचे उत्तर त्यांना एकदम सापडले नाही. काही वेळा ते चुकलेही.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधील नव्हारा प्रांतात झेवियरच्या गढीत झाला. १५२५ मध्ये ते शिकण्यासाठी पॅरिसला गेले. तेथे त्यांच्या खोलीत पीटर फेबर होते आणि १५२९ पासून इग्नेशियस लोयोला. फ्रान्सिस तरुण, देखणे आणि महत्त्वाकांक्षी होते. त्यांची संगतही सगळी चांगली नव्हती. इग्नेशियस यांना हे दिसत होते, पण त्यांनी खोलीत रोज उपदेश सुरू केला नाही. फ्रान्सिस पैशाच्या अडचणीत असताना त्यांनी मदत केली, चांगली माणसे जोडून दिली आणि वाट पाहिली. पुढे १५३५ मध्ये आपल्या थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस यांनी हे उपकार स्वतः मान्य केले आहेत. या माणसाने पैसा दिला, मित्र दिले आणि वाईट संगतीतून बाहेर काढले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दुसऱ्याचे पाप दाखवण्याचा पहिला धडा त्यांना पापी म्हणूनच मिळाला होता.

१५३४ मध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली, १५३७ मध्ये व्हेनिसला फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. पोपमहोदयांनी त्यांना आपला प्रतिनिधी नेमल्याचे पत्र त्यांच्याजवळ होते. ते त्यांनी गोव्याच्या बिशपांच्या पायाशी ठेवले आणि आपली परवानगी असेल तरच हा अधिकार वापरीन असे सांगितले. मग राहायला गेले ते इस्पितळात, आजाऱ्यांच्या शेजारी.

त्या वेळचे गोवे बाहेरून ख्रिस्ती होते. चर्चे होती, मिरवणुका होत्या. आणि पोर्तुगीज शिपाई व व्यापारी गुलाम स्त्रिया घरात ठेवून राहत, लाच घेत आणि जुगार खेळत. फ्रान्सिस हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणाला बोलावत. मोठ्यांच्या बाबतीत त्यांची रीत वेगळी होती. जुनी चरित्रे सांगतात की लग्नावाचून संसार थाटलेल्या माणसाच्या घरी ते आपण होऊन जेवायला जात. पानावर बसत, स्वयंपाकाची तारीफ करत, मुलांना जवळ घेत आणि मुलांच्या आईला भेटायची इच्छा दाखवत. मग हळूच त्या माणसाला विचारत की हिच्याशी रीतसर लग्न का करत नाहीस? अशी कितीतरी लग्ने त्यांनी लावून दिली. असल्या घरी पवित्र माणसाने जेवावे का, असे त्या काळीही कोणाच्या तरी मनात आले असेलच. जक्कयच्या वेळीही ते आले होते.

याच चरित्रांत एका शिपायाची गोष्ट आहे. त्याने अनेक वर्षे पापनिवेदन केले नव्हते. फ्रान्सिस त्याच्याच जहाजावर चढले आणि प्रवासभर त्याच्याशी गप्पा मारत राहिले. पापाविषयी एक शब्दही काढला नाही. किनाऱ्याला लागल्यावर त्या माणसाने आपणहून पापनिवेदन केले. फ्रान्सिस यांनी त्याला अगदी हलके प्रायश्चित्त दिले आणि उरलेले स्वतः झाडीत जाऊन चाबकाने आपल्या पाठीवर घेतले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५४२ च्या अखेरीस ते दक्षिणेकडे मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील परवर कोळी काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते, पण त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. १५४४ मध्ये आपले सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्याश यांना फ्रान्सिस यांनी लिहिले की जी बाई ताडीची दारू पिताना सापडेल तिला दंड करावा, तीन दिवस कोंडावे आणि पकडून देणाऱ्या शिपायाला प्रत्येक बाईमागे एक फणम बक्षीस द्यावे. शिक्षा बायकांना होती. किनाऱ्यावरचे पुरुष काय पीत होते, हे त्या हुकमात नाही! ज्यांच्या गावात दारूने घरे बुडाली आहेत, त्यांना या हुकमामागची तळमळ कळेल. पण चुगलीला पैसे मिळू लागले की शेजारधर्माचे काय होते, हेही आपल्याला कळते. त्याच वर्षी त्याच मान्सिल्याश यांना त्यांनी असेही लिहिले की वाईट मुलांशी चांगला बाप वागतो तसे या लोकांशी वाग आणि त्यांचे दोष पाहून थकू नकोस, कारण देव त्यांना आणि आपल्याला सहन करतोच आहे. एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षात या दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या.

या किनाऱ्यावर कोस्मे द पायवा नावाचा पोर्तुगीज कप्तान होता. तो स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असे, आणि ज्या गरीब ख्रिस्ती कोळ्यांचे रक्षण करायचे त्यांनाच लुटत होता. त्याच्या लोभापायी तुतिकोरिनला माणसे मेली. फ्रान्सिस त्याच्यावर अतिशय रागावले होते, आणि त्यांच्या पत्रांत तो राग लपलेला नाही.

सप्टेंबर १५४४ मध्ये बडगा सैन्याने तुतिकोरिनवर हल्ला केला. कप्तानाचे जहाज जळले, घर जळले आणि तो जीव घेऊन बेटांवर पळाला. आता विचार करा. ज्याने आपल्या लोकांना छळले तो माणूस उघड्यावर पडला आहे, प्यायला पाणी नाही. आपल्यापैकी कितीजण म्हणाले असते की देवाने बरे दाखवले? फ्रान्सिस यांनी बातमी कळताच मान्सिल्याश यांना निरोप धाडला की असतील तेवढ्या होड्या गोळा करून ताबडतोब जा, पाणी न्या आणि कप्तानाला व त्याच्या लोकांना वाचवा. त्या पत्रात कप्तानाच्या पापांचा हिशोब नाही.

हिशोब नंतर आला, आणि तो पूर्ण आला. १५४५ मध्ये त्यांनी मान्सिल्याश यांना कळवले की पायवाला त्याच्या विवेकबुद्धीवरचे ओझे उतरवायला मदत कर. त्याने केलेल्या लुटी, त्याच्यामुळे झालेले मृत्यू आणि खुन्यांकडून घेतलेला पैसा या सगळ्याची त्याला आठवण दे आणि त्याच्या अब्रूचा मित्र म्हणून तो पैसा परत करायला सांग. तो सुधारेल अशी आशा आपल्याला उरलेली नाही, हेही त्यांनी लपवले नाही. शिवाय राजाला आणि गव्हर्नरला त्याची कृत्ये कळवणार आहोत, हे त्याला आधीच सांगून ठेवायला लावले. पाठीमागून तक्रार केली नाही. आधी पाणी, मग तोंडावर सत्य आणि मग वरिष्ठांकडे दाद. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम जवळजवळ असाच आहे.

वरच्यांना बोलताना त्यांनी भीड ठेवली नाही. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला त्यांनी १५४५ मध्ये आणि पुन्हा १५४८ मध्ये लिहिले की भारतातून पैसा येतो तेव्हा हात तत्पर असतात, पण इथल्या लोकांच्या आत्म्यांसाठी काही करायचे म्हटले की तत्परता दिसत नाही. मरणाच्या वेळी याचा जाब द्यावा लागेल, अशी आठवणही राजाला करून दिली. लिस्बनमधील आपल्या सोबत्यांना त्यांनी बजावले की ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे त्याला सरकारी हुद्द्यावर भारतात पाठवू नका. इथे सगळे लुटणे या एकाच क्रियापदाची रूपे चालवतात.

पण १५४६ मध्ये त्यांनी राजाकडे आणखी एक मागणी केली. बाप्तिस्मा घेऊनही जुन्या यहुदी किंवा मुसलमानी रीतीने राहणाऱ्यांसाठी गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय हवे, असे त्यांनी लिहिले. ते न्यायालय १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. त्याने काय काय केले हे फ्रान्सिस यांनी पाहिले नाही, पण त्यांची सही त्या मागणीखाली आहे. संतांचे चरित्र सांगताना हे पान उलटून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या मुलांच्या पापांची देवाकडे जाहीर क्षमा मागितली. त्यात सत्याच्या नावाने केलेल्या जबरदस्तीची पापेही होती. योगायोग असा की फ्रान्सिस यांना १६२२ मध्ये संतपद मिळाले तोही १२ मार्चच होता.

१५४९ मध्ये जपानला निघण्यापूर्वी त्यांनी फादर गास्पर बार्झेयस यांना इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरावर पाठवले. त्या वेळी लिहून दिलेल्या सूचना आजही वाचाव्यात अशा आहेत. सर्वांत आधी स्वतःचा विवेक तपास, असे तिथे सुरुवातीलाच आहे. व्यापाऱ्यांशी बोलून तिथे फसवणूक कशी चालते ते नीट समजून घे. प्रवचनात कोणाही अधिकाऱ्याला नाव घेऊन दोष देऊ नकोस, कारण चारचौघांत बोललेले माणूस सुधारत नाही, उलट बिघडतो. त्याला सांगायचे ते त्याच्या घरी किंवा पापनिवेदनात सांग, आणि तेही हसऱ्या चेहऱ्याने, गोड शब्दांत. मैत्री जेवढी असेल तेवढेच सांग. फार मैत्री असेल तर फार सांग, थोडी असेल तर थोडे. किनाऱ्यावर बायकांना कोंडायला सांगणारा आणि हे लिहिणारा माणूस एकच. मध्ये पाच वर्षे गेली होती.

शेवटचा प्रसंग मलाक्काचा. जपानहून परतल्यावर त्यांना चीनमध्ये शुभवर्तमान न्यायचे होते. दियोगो परेरा नावाचा व्यापारी मित्र वकील म्हणून जाणार होता आणि त्याने आपला पैसा त्यात घातला होता. १५५२ मध्ये मलाक्काला वास्को द गामाचा मुलगा दों आल्वारो द आताईद याने मत्सरापोटी जहाज अडवले आणि त्याचे सुकाणू काढून घेतले. फ्रान्सिस यांनी निरोप पाठवले, मध्यस्थ घातले, विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. तेव्हा दहा वर्षे झाकून ठेवलेले पोपमहोदयांचे पत्र त्यांनी प्रथमच बाहेर काढले. पोपच्या प्रतिनिधीला अडवणारा धर्मबहिष्कृत होतो, हे मलाक्काच्या व्हिकरांकरवी आल्वारोला कळवले. त्याने ते पत्रच खोटे ठरवले.

परेराला मागे ठेवून फ्रान्सिस चीनजवळच्या सांचियन बेटावर गेले. तेथूनही त्यांनी गोव्याला लिहिले की आल्वारोचा बहिष्कार बिशपांकडून जाहीर करून घ्या, म्हणजे पुढे जाणाऱ्या मिशनरींची वाट कोणी अशी अडवणार नाही. त्याच दिवसांत परेराला लिहिलेल्या पत्रांत आपल्यामुळे त्याचे नुकसान झाले, याचे दुःख आहे. थंडी सुरू झाली होती, चीनला नेणारी होडी आली नाही आणि ताप चढला. अखेरच्या रात्री आंतोनियो नावाचा चिनी तरुण त्यांच्या उशाशी होता. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे ते प्रभूकडे गेले. त्यांचे वय तेव्हा ४६ वर्षांचे होते.

पुढच्या मार्चमध्ये त्यांचे शरीर मलाक्काला आणले, तेव्हा ते स्वीकारायला दियोगो परेरा पुढे आला. आल्वारोला पदावरून काढून कैदी म्हणून गोव्याला आणि तेथून पोर्तुगालला पाठवण्यात आले. मार्च १५५४ मध्ये संतांचे शरीर गोव्याला पोहोचले. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात ते भाविकांसाठी खाली आणले होते. आपल्याकडूनही काहीजण रांगेत उभे राहिले असतील. एरवी ते बॉम जेझूस बासिलिकेत उंचावर चांदीच्या पेटीत असते. जाल तेव्हा होड्या घेऊन पाणी न्यायला सांगणारे ते पत्र आठवा.