विश्लेषण : ‘पॅप’ चाचणीतले ‘पॅप’ कोण? महिलांच्या कर्करोग तपासणीची दिशा त्यांनी कशी बदलली?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे दिसू लागतात, तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. मात्र कर्करोग होण्याआधी कित्येक वर्षे तेथील पेशींमध्ये बदल होत असतात. हे बदल टिपणारी साधी चाचणी डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी विकसित केली. ‘पॅप स्मिअर’ हे नाव त्यांच्याच आडनावावरून आले.

गालिचे विकणारा डॉक्टर…

पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील कीमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने आपलाच दवाखाना पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. जॉर्ज यांनी १९०४ मध्ये अथेन्स येथून वैद्यकीय पदवी घेतली, पण त्यांची ओढ संशोधनाकडे होती. १९१० मध्ये म्युनिक येथे प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी आंद्रोमाकी अर्थात मेरी यांच्याशी विवाह केला. १९१३ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा हाताशी जेमतेम पैसे होते आणि इंग्रजी येत नव्हते. मेरी यांनी एका मोठ्या दुकानात बटणे शिवण्याचे काम धरले. जॉर्ज यांनी तेथेच काही काळ गालिचे विकले. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना संशोधनाची संधी मिळाली.

चाचणीची कल्पना कशी सुचली?

तेथे ते गिनिपिगवर प्रयोग करत होते. मादीचे स्त्रीबीज नेमके कधी पक्व होते, हे प्राण्याला न मारता कळणे आवश्यक होते. योनीतील स्राव काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ऋतुचक्रानुसार पेशी बदलताना दिसतात, असे त्यांच्या लक्षात आले. हे संशोधन १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांमध्येही असेच घडते का, हा पुढचा प्रश्न होता.

मेरी यांचे योगदान काय?

या प्रश्नाचे उत्तर मेरी यांच्यामुळे मिळाले. त्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करत होत्याच. शिवाय सुमारे दोन दशके त्यांनी स्वतःचे नमुने तपासणीसाठी दिले. निरोगी स्त्रीच्या पेशी महिनाभरात कशा बदलतात, याची पक्की ओळख त्यातून झाली. निरोगी पेशी ठाऊक असल्याशिवाय बिघडलेली पेशी ओळखता येत नाही. १९२५ पासून पापानिकोलाऊ यांनी रुग्णालयातील महिलांचे नमुने तपासायला घेतले आणि त्यांपैकी काहींमध्ये त्यांना कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या.

डॉक्टरांनी दुर्लक्ष का केले?

१९२८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले, पण प्रतिसाद थंड होता. निदानासाठी ऊतीचा तुकडा काढून तपासावा, हीच तेव्हाची रीत होती. सुट्या पेशींवरून कर्करोग कळू शकेल, यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही अशीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. पापानिकोलाऊ यांनी काम सोडले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राऊट यांच्या साथीने त्यांनी १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर मात्र चित्र पालटले. अमेरिकेत ही तपासणी रुजल्यानंतरच्या दशकांत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. नोबेल पुरस्कार मात्र पापानिकोलाऊ यांना मिळाला नाही. १९६१ मध्ये ते मायामीतील कर्करोग संस्थेत गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

धाराशिवच्या अभ्यासातून काय दिसले?

पॅप चाचणीसाठी प्रयोगशाळा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी लागते. खेड्यापाड्यांत नेमके हेच अवघड. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा सहभाग असलेला अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एकदाच पॅप केलेल्या गटात मात्र तशी ठोस घट दिसली नाही. एचपीव्ही म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू. आता जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देते. लक्षणे दिसण्याआधीच तपासायचे, हे पापानिकोलाऊ यांचे सूत्र मात्र कायम आहे.

महिलांनी काय लक्षात ठेवावे?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार सर्वसाधारणपणे वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी करावी. पॅप करत असल्यास ती साधारण दर ३ वर्षांनी करतात. नमुना घ्यायला काही मिनिटे पुरतात, भूल लागत नाही. अहवालात दोष आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. पुढील तपासणीनंतरच निदान होते आणि कर्करोगपूर्व बदल असतील तर साध्या उपचारांनी ते काढता येतात. लस घेतली असली, तरी तपासणी टाळू नये. रजोनिवृत्तीनंतर किंवा शरीरसंबंधानंतर रक्तस्राव होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.