पहिली पदविका, पहिली रात्रपाळी

नर्सिंगचं शिक्षण संपलं की पुढचा प्रश्न पहिल्या नोकरीचा. रुग्णालय कोणतं, वॉर्ड कोणता, दिवसपाळी की रात्रपाळी, वर शिकवणारं कोणी असेल की नाही, अशा अनेक शंका त्या वेळी मनात असतात. लिंडा रिचर्ड्स यांच्यासमोर हा प्रश्न १८७३ मध्ये उभा राहिला, तेव्हा विचारायला अनुभवी असं कोणीच नव्हतं. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या पहिल्या नोकरीतून रुजलेली एक सवय आज जगभरच्या रुग्णालयांत पाळली जाते. ती म्हणजे रुग्णाची अवस्था लिहून ठेवणं.

लिंडाचा जन्म २७ जुलै १८४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅमजवळ झाला. वडील धर्मोपदेशक होते. ती चार वर्षांची असताना ते क्षयाने गेले. तेरा वर्षांची असताना आईही क्षयानेच गेली आणि शेवटच्या दिवसांत आईची शुश्रूषा लिंडानेच केली. त्या काळी क्षयाचा जंतू माहीत नव्हता आणि औषधही नव्हतं. स्वच्छ हवा, आहार आणि जवळ बसणारं माणूस एवढाच उपचार. व्हर्मॉंट राज्यातल्या गावात शेजारीपाजारी कोणी आजारी पडलं की या मुलीला बोलावणं येई. पुढे ती शिक्षिका झाली. तिचं लग्न ठरलं होतं ते जॉर्ज पूल या तरुणाशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो गंभीर जखमी होऊन परतला आणि १८६९ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत लिंडा त्याची काळजी घेत राहिली.

त्यानंतर ती बोस्टनला आली आणि तिथल्या सिटी हॉस्पिटलमध्ये साहाय्यक नर्स म्हणून लागली. त्यासाठी कोणतंही शिक्षण लागत नव्हतं, कारण नर्सचं काम आणि मोलकरणीचं काम यांत लोक फारसा फरक करत नसत. फरशी पुसणं, भांडी घासणं, जेवण वाढणं आणि मधल्या वेळात औषध देणं. आपण काय देतोय, कशासाठी देतोय, हे सांगणारं कोणी नव्हतं. काही महिन्यांतच तिने ते काम सोडलं. शुश्रूषा करायची तर आधी ती शिकायला हवी, हे मात्र तिथे पक्कं झालं.

अशी संधी १८७२ मध्ये आली. बोस्टनमधल्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन या रुग्णालयात डॉ. सुझन डिमॉक यांनी परिचारिकांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. झुरिकला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डिमॉक तेव्हा अवघ्या पंचविशीत होत्या. पहिल्या तुकडीत पाच जणी होत्या आणि त्यांत सर्वांत आधी नाव नोंदवलं ते लिंडाने.

तिथला दिनक्रम आजच्या विद्यार्थिनींना खरा वाटणार नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, रात्री नऊला वॉर्ड सोडायचा. झोपायच्या खोल्या वॉर्डांच्या मधेच. प्रत्येकीकडे सहा रुग्ण, दिवसाही आणि रात्रीही. रात्रपाळीला वेगळी नर्स नसल्याने रुग्णाने हाक मारली की उठायचं, मग कितीही वेळा असो. सुट्टी म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा दुपारचे तीन तास. पाठ्यपुस्तक नव्हतं, प्रवेश परीक्षा नव्हती, अंतिम परीक्षाही नव्हती. वर्षभरात मोजकी बारा व्याख्यानं. तापमान, नाडी आणि श्वास मोजायला शिकवलं जाई, पण औषधांची नावं मात्र नर्सना कळू दिली जात नसत. बाटल्यांवर नावाऐवजी क्रमांक असत. आपल्या हातून दिलं जाणारं औषध कोणतं हे माहीत नसेल, तर चुकीचा डोस किंवा दुष्परिणाम लक्षात येणार कसा, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नव्हता.

१ सप्टेंबर १८७३ रोजी अभ्यासक्रम संपला आणि लिंडा रिचर्ड्स यांच्या हाती पदविका आली. पहिली नोकरी त्यांनी घेतली ती न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात, रात्रपाळीच्या अधीक्षक म्हणून. बेलव्ह्यू हे शहरातल्या गोरगरिबांचं सरकारी रुग्णालय. किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या स्त्रियांना तिथे पूर्वी वॉर्डात कामाला लावलं जाई. रात्री रुग्णांकडे बघायला बहुधा पहारेकरीच असत. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पद्धतीवर परिचारिकांची शाळा सुरू झाली होती. तिची धुरा इंग्लंडमधल्या एका धर्मसंघात शुश्रूषेचा अनुभव घेतलेल्या सिस्टर हेलन यांच्याकडे होती. एक वर्षाच्या शिक्षणावर एवढ्या मोठ्या रुग्णालयाची रात्र सांभाळणं ही जोखीमच होती. पण वर विचारायला एक जाणती बाई होती, ही या नोकरीची जमेची बाजू.

रात्रपाळीची खरी अडचण सकाळी येते. रात्री कोणाचा ताप चढला, कोणाची नाडी मंदावली, कोणाला कोणतं औषध किती वाजता दिलं, हे सगळं तेव्हा तोंडी सांगितलं जाई. रात्रभर जागून थकलेल्या माणसाच्या आठवणीवर दिवसाचे उपचार ठरत. रिचर्ड्स यांनी गंभीर रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांना त्यांचा उपयोग दिसला आणि लेखी अहवाल ही तिथली रीत झाली. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र लेखी नोंद ठेवण्याची पद्धत पुढे इतर रुग्णालयांत पसरली.

ही गोष्ट योग्य वेळी घडली. पूर्वीचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे आणि आकडा दाखवायला वीस मिनिटं घेई. इंग्लंडमधल्या डॉ. क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६०च्या दशकात सहा इंची तापमापक तयार केला, तो पाच मिनिटांत काम करी. जर्मनीत डॉ. वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या तापाचा अभ्यास मांडला. ताप किती आहे, यापेक्षा तो कसा चढतो आणि कसा उतरतो हे महत्त्वाचं, हा त्याचा गाभा. विषमज्वराचा ताप पायरीपायरीने चढतो, हिवतापाचा थंडी वाजून येतो आणि घाम येऊन उतरतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी चढलेला ताप जखमेत जंतुसंसर्ग झाल्याची शंका आणतो. एकदा मोजलेल्या आकड्यावरून हे कळत नाही. ठरावीक वेळाने मोजून एकाखाली एक लिहिलेले आकडेच ते सांगतात, आणि रात्रीचे आकडे लिहायला जागी असते ती नर्स.

वर्षभरात रिचर्ड्स बोस्टनला परतल्या. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हे नामांकित रुग्णालय. १८४६ मध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते इथेच. तिथे सुरू झालेली परिचारिकांची शाळा मात्र डळमळीत होती. शिकलेल्या नर्सची गरजच काय, असं अनेक डॉक्टरांना वाटे. १८७४ मध्ये रिचर्ड्स यांनी शाळेची सूत्रं घेतली, स्वतः वॉर्डात काम करून दाखवलं आणि शाळा टिकली. १८७७ मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी लंडन आणि एडिंबरा इथल्या रुग्णालयांत काम पाहिलं, नाइटिंगेल यांची भेट घेतली. मग ज्या बोस्टन सिटी हॉस्पिटलमधून त्या निराश होऊन बाहेर पडल्या होत्या, तिथेच १८७८ मध्ये त्यांनी परिचारिकांची शाळा उभी केली. १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्याच वर्षी, रिचर्ड्स जपानमध्ये क्योटोला पोचल्या होत्या. तिथल्या पहिल्या परिचारिका शाळांपैकी एक त्यांनी पाच वर्षं चालवली.

रिचर्ड्स जिथे शिकल्या, त्याच शाळेतून १८७९ मध्ये मेरी एलायझा महोनी उत्तीर्ण झाल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका. शाळेत प्रवेश मिळण्याआधी त्यांनी त्याच रुग्णालयात स्वयंपाक, धुणं आणि साफसफाई अशी कामं केली होती. चाळीसहून अधिक मुलींनी प्रवेश घेतला, पूर्ण करणाऱ्या अवघ्या चौघी, त्यांत महोनी एक. शाळा तीच, पदविका तीच. पण कृष्णवर्णीय परिचारिकेला रुग्णालयात जागा मिळणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. महोनी यांची पुढची अनेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन खासगी शुश्रूषा करण्यात गेली. तिथे काही कुटुंबं त्यांना नोकरांच्या रांगेत बसवायला बघत. महोनी मात्र स्वयंपाकघरात एकट्या जेवत आणि आपण घरकामाला आलेलो नाही, हे वागण्यातून दाखवून देत.

रिचर्ड्स यांच्या कामाची शेवटची वर्षं बहुतांशी मनोरुग्णालयांत गेली. शरीराच्या रुग्णाला जेवढी चांगली शुश्रूषा मिळते, तेवढीच मनाच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. १९२३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ एप्रिल १९३० रोजी बोस्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

आता नोंदी संगणकात जाऊ लागल्या आहेत, तरी काम तेच आहे. केसपेपरवर रात्री दोन वाजता लिहिलेला नाडीचा आकडा सकाळी रुग्ण वाचवू शकतो. नुकत्याच शिकून आलेल्या नर्सला पहिल्या महिन्यांत पगाराइतकीच गरज असते ती शंका विचारता येईल अशा वरिष्ठ नर्सची, आणि आपण लिहिलेलं वाचून त्यावर उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरची. बेलव्ह्यूच्या रात्रपाळीत रिचर्ड्स यांना हे दोन्ही मिळालं. महोनी यांना तशी संधीच दिली गेली नाही. पहिल्या नोकरीत माणूस किती शिकतो, हे त्याच्या हुशारीइतकंच त्याला दार कोण उघडतं यावरही ठरतं.