खिळे घासणारा मुलगा

ज्या माणसाने संस्कृत ग्रंथांना देखणे छापील रूप दिले, त्याच्या आयुष्याची सुरुवात शिशाचे खिळे घासण्यापासून झाली. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत गरीब घरात झाला. शिक्षण जेमतेम. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले आणि नव्या ओतलेल्या खिळ्यांच्या कडा घासू लागले. देवनागरी टाइपाचे जाणकार टॉमस ग्रॅहम तिथेच होते. पुढे इतर छापखान्यांतला अनुभव घेऊन जावजींनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला.

आमच्या महाड-पोलादपूरकडे हे नाव पंचांगामुळे आणि पोथ्यांमुळे घरोघरी पोचले. मला त्या अक्षराचे नेहमी नवल वाटते. जुने लेखनिक बोरूचे टोक तिरके छाटत. त्यामुळे एक रेघ भरदार, तर दुसरी केसासारखी बारीक उमटे. ही जाडबारीक लय शिशात आणणे कठीण. बारीक रेघ दाबाखाली मोडते आणि शाई जरा जास्त झाली की जोडाक्षराचे पोट बुजते. राणोजी रावजी आरू या कसबी कारागिराने ते साधले. पोलादाच्या ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर मारून साचा करायचा आणि त्यात शिसे ओतायचे. अशी शेकडो अक्षरे! याच टाइपात १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघाली आणि दुर्मीळ संस्कृत काव्ये सामान्य वाचकांपर्यंत गेली.

याचे मोल आमच्या भागात चटकन कळते. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे ‘शिवभारत’ हस्तलिखितांतच राहिले होते, ते १९२७ साली छापून आले. ज्याच्या घरी हस्तलिखित, त्याचाच ग्रंथ, हा जुना नियम छापखान्यांनी मोडला.

त्याच १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. निर्णयसागरने मनुस्मृतीही छापली. अक्षर सुंदर म्हणून मजकूर न्यायाचा ठरत नाही. पण छापलेला ग्रंथ कुणाच्याही हाती पडतो, तो वाचून तपासता येतो आणि नाकारताही येतो. जावजींच्या कामाचा हा अर्थ मला सर्वांत मोठा वाटतो.

१८९२ साली जावजी गेले. मुलगा तुकाराम यांनी कारभार पुढे चालवला. शिशाचे खिळे आता इतिहासजमा झाले. तरी संगणकासाठी ‘तिरो देवनागरी’ हा टाइप घडवताना परदेशी अक्षरकारांनी निर्णयसागरचेच वळण समोर ठेवले. खिळे घासणाऱ्या त्या मुलाची नजर अजून आपल्या पानांवर आहे.