आल्बर्ट ड्योडरलाइन
आल्बर्ट झिगमुंड गुस्ताफ ड्योडरलाइन (५ जुलै, इ.स. १८६०:आउग्सबुर्ग, बव्हेरिया - १० डिसेंबर, इ.स. १९४१:म्युनिक, जर्मनी) हे जर्मन प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञ होते. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातील दुग्धाम्लजनक जिवाणू शरीराचे रक्षण करतात, हे त्यांनी दाखवून दिले.

जीवन
एर्लांगेन येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर त्यांनी लाइपझिग येथे पाउल त्स्वाइफेल यांच्या हाताखाली काम केले. पुढे ते ट्युबिंगेन (१८९७-१९०७) व म्युनिक (१९०७-१९३४) येथे प्राध्यापक होते.

संशोधन
त्या काळी सूतिकाज्वराने असंख्य बाळंतिणींचा मृत्यू होत असे. हा संसर्ग बाहेरून येतो की मातेच्या शरीरातच उद्भवतो, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होते. त्याचा उलगडा करण्यासाठी ड्योडरलाइन यांनी गर्भवतींच्या योनिस्रावाचा अभ्यास केला आणि इ.स. १८९२मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. निरोगी स्राव आम्लधर्मी असतो, त्यात दंडाकार जिवाणू असतात आणि त्यांच्या दुग्धाम्लामुळे पू निर्माण करणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते, असे त्यांना आढळले.

वारसा
हे जिवाणू त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. लॅक्टोबॅसिलस वंशातील क्रिस्पेटस, जेन्सेनी, गॅसेरी इत्यादी जातींचा त्यांत समावेश होतो, हे नंतर स्पष्ट झाले. त्यांची संख्या घटल्यास बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा विकार होतो. प्रतिजैविकांनी बरा झालेला हा विकार पुष्कळदा उलटतो. इ.स. २०२०मध्ये अमेरिकेतील २२८ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकानंतर क्रिस्पेटस जिवाणू दिलेल्या गटात १२ आठवड्यांत ३० टक्के स्त्रियांना, तर निष्क्रिय औषध दिलेल्या गटात ४५ टक्के स्त्रियांना तो पुन्हा झाला.